नाकाड धरणारे कचरूमामा

कुठल्याही जनावरासमोर उभे राहिले की कचरूमामा दांडगे दोन्ही हात पाठीमागे घेत आणि उजवं मनगट डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवत. समोर गाय असो, शेळी असो, नाहीतर कुणाच्या कडेवरचं मांजराचं पिल्लू असो. मग शेजारी जो असेल त्याला शांतपणे सांगत, "मी भितो बरं का. आधीच सांगून ठिवतो." ज्या माणसाने उभी नोकरी जनावरं धरण्यात घालवली त्याने असं म्हणावं याचं ऐकणाऱ्याला हसू येई. पहिल्यांदा मलाही आलं होतं.

ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टीचे मदतनीस, होते. हा शब्द खेड्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही, म्हणून लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. ते त्यांना खपत नसे. "डॉक्टर सुई मारतो. मी धरणारा. धरणारा येगळा," असं ते प्रत्येक वेळी न कंटाळता सांगत. धरायचं ते नाकाला. अंगठा आणि एक बोट दोन नाकपुड्यांत घालून मधला पडदा दाबला की भला दांडगा बैल जागच्या जागी उभा राहतो. हे काम करून करून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं. आधीची दोन भावंडं गेल्यावर आईने त्यांचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे मरण केरात हात घालणार नाही. आमच्या भागात अशी नावं पुष्कळ सापडतात. "भीती माझ्या बारशापासूनची हाय," ते म्हणत.

उस्मानपुऱ्यात माझं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. दोन खोल्या, तीन संगणक, एक कपाट. औषधांच्या माहितीपासून मिक्सरच्या सूचनांपर्यंत जे येईल त्याचं आम्ही मराठी करतो. अडलेल्या शब्दांची मी एक वही ठेवते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका संस्थेचं पत्रक आलं. शहराच्या कडेला गाई-म्हशी पाळणाऱ्यांसाठी ते होतं, विषय जनावरांचे आजार. त्यात एक ओळ होती: आजारी जनावराच्या 'मझल'ला उघड्या हाताने स्पर्श करू नये. मझल म्हणजे जनावराचं नाक आणि तोंड मिळून पुढे आलेला भाग. मी चार शब्दकोश काढले. एकात 'मुखाग्र', दुसऱ्यात 'लांबट तोंड', तिसऱ्यात 'मुसके' आणि चौथ्यात बंदुकीच्या नळीचं टोक. मी 'मुखाग्र' निवडलं, बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीकडे वळले.

मजकूर तपासायला संस्थेने निवृत्त माणूस पाठवला, ते कचरूमामा. पांढरा शर्ट, खाकी पँट, खिशात चष्म्याचं घर. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी ओळीखाली बोट ठेवत सगळं मोठ्याने वाचलं आणि त्या ओळीवर थांबले.

"ताई, हे मुखाग्र कुठं आसतं?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ही ओळ वाचून मुखाग्र कुठं हाय ते हुडकेपर्यंत मानसानं कोपरापर्यंत हात घातलेला आसतो."

मग त्यांनी मला वही उघडायला लावली. गाय-बैलाचं ते नाकाड. म्हशीचंही नाकाड, पण म्हसवाले नुसतं नाकच म्हणतात. डुकराचं मुस्काट. छावणी भागातले घोडेवाले त्यांच्या दखनी उर्दूत थुथनी म्हणतात, त्यांना नाकाड म्हटलं तर राग येतो, घोडा म्हणजे काय बैल आहे का. कुत्र्याचं सरळ तोंड. आणि मुसकं हे मळणीच्या बैलाने कणसाला तोंड लावू नये म्हणून बांधायचं जाळं, त्याचा इथे काही संबंध नाही. मी भराभर लिहून घेत होते. पान भरलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण भरलेलं पान पाहून मला नेहमीच बरं वाटतं. मामा मात्र समाधानी नव्हते.

"आता हे समदं खोडा," ते म्हणाले. "शब्द नका लिव्हू, काम लिव्हा. नाकाडाला हात लावू नका म्हनलं तर कोन म्हनंल मी लावतो? पर नाक पुसतात. घास भरवतात. काय अडकलं का म्हनून घशात हात घालतात. ते लिव्हा."

मी ते लिहिलं. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या म्हणून संस्थेच्या माणसाने कुरकुर केली, पण छापलं तसंच. पत्रकाच्या पहिल्या प्रती मामांनी स्वतः नेऊन वाटल्या. त्यातली एक मुकुंदवाडी स्टेशनच्या मागे रुख्मणबाईंच्या गोठ्यात गेली. रुख्मणबाईंकडे पाच म्हशी आणि चांदणी नावाची एक गाय. मामा मुकुंदवाडीतच राहत, त्यामुळे रुख्मणबाईंच्या जनावराला शिंक आली तरी बोलावणं मामांना. मामा येत, तीन पावलांवरून हात मागे बांधून नाकाड ओलं आहे की कोरडं ते बघत आणि डॉक्टरांना फोन करायचा की नाही ते सांगत. रुख्मणबाई त्यांची फिरकी घेत. "मामा, पेन्शन जनावराची खाता आन् जनावराला भेता व्हय?" मामा म्हणत, "भितो म्हनून तर पेन्शन खातोय. न्हाईतर माझ्या बायकोनं खाल्ली आसती."

हे बोलून सगळ्यांबरोबर तेही हसत. त्या हसण्यामागे काय आहे हे मला दिवाळीत कळलं.

वसुबारशीला शहरातल्या बायकांना सवत्स धेनू कुठून मिळणार? चांदणी त्याच पावसाळ्यात व्यायलेली. आसपासच्या कॉलन्यांतल्या बायका ताटं घेऊन रुख्मणबाईंच्या गोठ्यावर गेल्या. माझी मुलगी मुग्धा सातव्या महिन्यात माहेरी आली होती. शेजारच्या कुलकर्णीवहिनी तिला घेऊन गेल्या. मुलाबाळांच्या सुखासाठी करायची ही पूजा, तेव्हा मुग्धाने जावं हे सगळ्यांना योग्यच वाटलं. मला ऑफिसात काम होतं. मी गेले नाही.

पाडव्याला दुपारी मी भाऊबिजेला कुणाला काय द्यायचं याची यादी करत बसले होते. मामांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, फक्त वाक्यं तुटक. चांदणीने सकाळपासून चारा सोडला होता. तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या. ती वेगळ्याच, घोगऱ्या आवाजात हंबरत होती. प्रसादातला नारळाचा तुकडा घशात अडकला असं वाटून रुख्मणबाईंच्या थोरल्या मुलाने, गणेशने, कोपरापर्यंत हात घालून पाहिला होता. काही सापडलं नव्हतं. मामा पोचले तेव्हा गणेश फडक्याने हात पुसत होता. मामांनी त्याला आधी नळाखाली साबणाने हात धुवायला लावलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं तिथून हलू दिलं नाही. मग रुख्मणबाईंना विचारलं, या गाईला कुत्रं चावलं होतं का. त्या आठवत बसल्या. गणपतीच्या सुमारास मागच्या पायाला चावलं होतं, पण जखम एवढीशी, हळद भरली, बरी झाली.

"ताई, तुमची वही घिऊन या," मामा फोनवर म्हणाले. "वसुबारशीला इथं कोन कोन आलतं ते लिव्हायचंय. मला भराभर लिव्हता येत नाय. आन् मी लई भ्यालोय."

मी पेन हातात घेतलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यादीतलं पहिलं नाव मला ठाऊक आहे. मुग्धा समोरच पाय लांब करून मोबाइल बघत होती. मी तिला विचारलं, गाईच्या तोंडाला हात लावला होतास का? ती म्हणाली, "नाही गं. नुसती पूजा केली." माझ्या जिवात जीव आला आणि मी रिक्षा पकडली.

सरकारी डॉक्टर माझ्याआधी पोचले होते. त्यांनी लांबूनच पाहिलं, बांबू आडवे बांधून गाय वेगळी केली, आणि पिसाळल्याचीच लक्षणं आहेत असं सांगितलं. खात्री गाय गेल्यावर मेंदूचा नमुना तपासूनच होणार होती. पण रिपोर्टची वाट पाहत कुणी बसायचं नाही. ज्यांच्या अंगावरच्या ताज्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लाळ लागली असेल, त्यांनी लगेच सुया सुरू करायच्या. आजार एकदा अंगात उमटला की मग इलाज नाही. हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. गाय बांबूंपलीकडे मान ताणून उभी होती. तिच्या कपाळावर वसुबारशीचं कुंकू अजून थोडं शिल्लक होतं.

रुख्मणबाई, त्यांची सून आणि मी अशा बसलो. एकीने आठवायचं, दुसरीने दुरुस्त करायचं, मी लिहायचं. सव्वीस नावं झाली. प्रत्येकीचा फोन कुणाकडून मिळेल ते पुढच्या रकान्यात. सत्ताविसावी बाई कुणाच्या ओळखीची नव्हती. गाडीतून मुकुंदवाडीला उतरली, बायका ताटं घेऊन चाललेल्या बघून मागोमाग आली, गाईला घास दिला आणि परत स्टेशनाकडे गेली. हिरवी साडी, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. मी लिहिलं, 'हिरवी साडी, सोबत मुलगी', आणि पुढचे रकाने मोकळे ठेवले.

तिथेच बसून मी फोन लावायला सुरुवात केली. विचारायची पद्धत एकच: गाईच्या तोंडाला हात लावला होता का? अकरा जणींना फोन लागला. अकराही जणी नाही म्हणाल्या. मी अकरा फुल्या मारल्या. मामा मागे उभे राहून ऐकत होते. बाराव्या फोनाच्या आधी त्यांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"आसं इच्यारलं तर कुनीबी नायच म्हनंल," ते म्हणाले. "गोमातेच्या तोंडाला हात लावला म्हनायला बाईला पाप वाटतं. आन् तिच्या मनात तिनं लावलेलाच नाय. तिनं घास भरवला. घास कसा दिला ते इच्यारा. हातावर का ताटलीत. जीभ लागली का. मंग तो हात कुठं पुसला."

मी सगळ्या अकरा जणींना पुन्हा फोन केले. आता उत्तरं बदलली. घास तळहातावर ठेवून दिला, ताटलीत कसा देणार? जीभ लागली ना, तेच तर पुण्य. नाकाडावर हात फिरवला आणि तो डोळ्यांना लावला, जसा देवाला हात लावून लावतात तसा. एकीने पुरणाने भरलेलं गाईचं नाक पदराने पुसून त्याच पदराने स्वतःच्या बाळाचं तोंड पुसलं होतं. अकरातल्या नऊ जणींच्या डोळ्याला नाहीतर जखमेला लाळ लागलेली निघाली. मी फुल्या खोडल्या. माझ्या वहीत खाडाखोड नसते, त्या दिवशीच्या पानावर मात्र जागा उरली नाही.

मुग्धाचं नाव मी फोन न करता ओलांडलं होतं. मामांनी त्यावर बोट ठेवलं. मी फोन लावला. घास कसा दिलास? "हातावर," ती म्हणाली. जीभ लागली? "हो, खरखरीत असते ना, मला हसूच आलं." हाताला काही लागलं आहे का? मग तिने सांगितलं. करंज्या तळताना तुपाचा थेंब उडून तळहातावर फोड आला होता. वसुबारशीच्या सकाळीच तो फुटला होता.

घरी जाऊन मी तिचा हात धुतला, पंधरा मिनिटं मोजून, चार दिवस उशिरा. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की पोटात बाळ असलं तरी या सुया घ्यायलाच हव्यात, त्या चालतात, उद्याच जा. पण विहीणबाईंचा जालन्याहून फोन आला. सातव्या महिन्यात कसल्या सुया टोचताय, गाय काय चावलीय का हिला, नुसतं चाटलं तर चाटलं. आधी रिपोर्ट येऊ द्या, मग बघू. आणि मुग्धाला तेच ऐकायचं होतं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, बाळाला काही झालं तर?" मी तिला कारणं सांगितली, एक, दोन, तीन अशी. माझी सगळी कारणं बरोबर होती आणि त्यांतलं एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी, मामा आमच्या घरी आले. चांदणी पहाटे गेल्याचं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. मग मुग्धासमोर पाटावर बसले. खुर्ची दिली ती घेतली नाही.

त्यांनी तिला शेषरावची गोष्ट सांगितली. शेषराव त्यांच्याच दवाखान्यात दुसरा व्रणोपचारक. वयाने बरोबरीचा, गप्पिष्ट, दवाखान्याचा हसरा माणूस. एकदा एका वस्तीवर म्हैस लाळ गाळत होती. मामांनी नाकाड धरलं, शेषरावने घशात हात घातला. काही सापडलं नाही. दोन दिवसांत म्हैस मेली. डॉक्टर रजेवर, तपासलं कुणीच नाही. त्या काळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, दुखायच्या फार. शेषराव म्हणाला, चावली थोडीच, कुठं पोट टोचून घेतो. मामाही त्याच्याबरोबर हसले.

"हासलो, पोरी," मामा म्हणाले. "आन् दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या दवाखान्यात जाऊन सुई घेतली. चौदा दिवस रोज सायकलीवर गेलो. त्याला सांगितलं, सासऱ्याला बरं नाय, बघायला जातो. मी भ्यालतो. पर धरणारा भ्याला आसं कुनी म्हनू नये म्हनून बोललो नाय. एकदा जरी म्हनलो आसतो, शेषराव, मला भ्या वाटतंय, तू बी चल, तर तो आला आसता. मला चिडवत चिडवत आला आसता."

तीन महिन्यांनी शेषरावच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग एक दिवस त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो भिंतीकडे सरकला. मामा भेटायला गेले तेव्हा दार बाहेरून लावलेलं होतं. आतून त्याने मामांना आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, कचरू, तुला काय होत नाय ना रे? तो चौथ्या दिवशी गेला. मरेपर्यंत त्याला मामांचीच काळजी होती, आणि मामांच्या पोटात चौदा सुया होत्या.

मुग्धा ऐकत होती. बाहेर कुणाचे तरी फटाके वाजत होते. मामा पुढे म्हणाले, "तुझ्या आईनं तुला समदं बराबर सांगितलं. पर ती किती भ्यालीय ते नाय सांगितलं. ती लई भ्यालीय. मी बी भ्यालोय. तुझ्या सासूबाई बी भ्याल्यात, म्हनून तर नको म्हनत्यात. समद्यांनी भिऊन घेऊ, आन् भीत भीत जाऊ."

मुग्धा उठली. चप्पल घालताना तिला रडू कोसळलं, पण ती थांबली नाही. दवाखान्यात आमच्यापुढे रुख्मणबाईंचा गणेश, कुलकर्णीवहिनी आणि बाळाला कडेवर घेऊन ती पदराने त्याचं तोंड पुसणारी बाई अशी रांगच होती. फुटलेल्या फोडाभोवती एक वेगळं औषध टोचलं, दंडात एक सुई. मग तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. मी तक्ता करून स्वयंपाकघरात लावला. रिपोर्ट आठवड्याने आला, गाय पिसाळलेलीच होती. तो ऐकून विहीणबाई स्वतः जालन्याहून आल्या आणि चौदाव्या दिवसाच्या सुईला मुग्धाचा हात धरून बसल्या.

सव्वीस नावांपैकी दोघींच्या डोळ्याला किंवा जखमेला काही लागलंच नव्हतं. बाकी चोवीस जणींच्या सुया पुऱ्या झाल्या. हे सहज झालं नाही. दोघी तिसऱ्या सुईनंतर थांबल्या होत्या, एकीच्या नवऱ्याने दार उघडायला नकार दिला होता. प्रत्येक दारात मामा स्वतः गेले. मी दोन-तीनदा बरोबर होते. दार उघडलं की ते आधी 'मी भित्रा मानूस हाय' असं सांगत आणि मगच विषय काढत. समोरचा माणूस वाद घालायला तयार होऊन आलेला असे. भित्र्या माणसाशी कसला वाद घालायचा हे त्याला सुचत नसे.

राहिली सत्ताविसावी. मामा रोज मुकुंदवाडी स्टेशनवर जायला लागले. छोटं स्टेशन, थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. प्रत्येक गाडीला ते फलाटाच्या मध्यावर उभे राहत आणि मुलगी बरोबर असलेल्या बायकांना विचारत, वसुबारशीला इथे गाईला घास भरवला होता का. बायका त्यांना चुकवून जात. एकदा कुणाच्या तरी तक्रारीवरून पोलिसाने त्यांना बाकावर बसवून ठेवलं, तेव्हा त्यांनी पोलिसालाच माझा फोन नंबर दिला. मी पत्रकं छापली, मोठ्या अक्षरात, आणि जालन्यापर्यंतच्या स्टेशनांवर लावून घेतली. आम्ही वर्तमानपत्रातही दिलं. तीन बायकांचे फोन आले. तिघीही ती नव्हत्या. मी मामांना म्हटलं, तिला कुणीतरी सांगितलंच असेल, इतकं सगळीकडे आलं आहे. ते म्हणाले, "शेषरावला बी कुनीतरी सांगितलंच आसंल आसं मला वाटलं होतं."

पौषात मुग्धाला मुलगी झाली, सहा पौंडांची, ठणठणीत. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी मात्र अजूनही मुग्धाने पाण्याचा ग्लास उचलला की ती तो पिऊन खाली ठेवेपर्यंत तिच्याकडे बघत राहते. सुया पूर्ण झाल्यावर घाबरायचं कारण नाही हे मला डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी ते वहीत लिहूनही ठेवलं आहे. तरी बघते.

फाल्गुनात मामांना उन्हात फलाटावर चक्कर आली. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यावरून मी त्यांना रागावले, सगळ्यांना भीती सांगायला लावता आणि स्वतःचं हे लपवता. ते ओशाळून हसले. "ती भीती नव्हती ना ताई, नुसतं दुखनं होतं." त्यानंतर ते खोलीबाहेर फारसे पडले नाहीत. सूनबाई चांगली होती, सगळं हातात देई. मी दर रविवारी जात असे. प्रत्येक वेळी ते यादी वाचायला लावत. मी नाव वाचायचं, ते त्या बाईचं घर कोणत्या गल्लीत, दार कुणी उघडलं, काय बोलणं झालं ते सांगायचे. सव्वीस झाले की गप्प बसायचे. मी वही मिटायची.

ज्येष्ठातल्या रविवारी ते फार थकलेले दिसले. श्वास पुरत नव्हता, बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. मी सव्वीस नावं वाचली. ते गप्प झाले, आणि माझ्याच्याने ती शांतता सोसवली नाही. मी म्हटलं, "आणि मामा, ती सापडली. सत्ताविसावी."

त्यांनी डोळे उघडले.

"नाव काय तिचं?"

आयुष्यभर मी नावांच्या याद्या केल्या. त्या क्षणी मला बाईचं एक नाव सुचलं नाही. मी वहीकडे पाहत राहिले. तिथे लिहिलं होतं, 'हिरवी साडी, सोबत मुलगी'.

"नाव नाय, तर सापडली म्हनू नका," मामा म्हणाले. रागाने नाही, एखादी ओळ दुरुस्त करून घ्यावी तसं. "आशानं मानूस हुडकायचं सोडून देतो. ती अजून हाय कुठंतरी. तिची पोरगी बी हाय."

मी माफी मागितली. त्यांनी हाताने राहू द्या अशी खूण केली आणि दवाखान्यात आजकाल सुया मिळतात का, संपल्या तर नाहीत ना, ते विचारलं. मिळतात असं मी सांगितलं. ते खरं होतं. गुरुवारी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला.

मामा गेल्यावर महिनाभर मी ती वही कपाटातून काढली नाही. आठ महिने होऊन गेले, आता जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, असं मी स्वतःला समजावत होते. मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेकांना तीन महिन्यांच्या आतच लक्षणं दिसतात, पण क्वचित कुणाला वर्षही लागतं. आणि सुया उशिरा घेतल्या तरी लक्षणांच्या आधी घेतलेल्या बऱ्या.

मंगळवारी मी ऑफिस दुपारी बंद केलं आणि मुकुंदवाडी स्टेशनला गेले. फलाटावर ऊन होतं. गाडी थांबली, तिघी बायका उतरल्या, दोघींबरोबर लहान मुली. मी पुढे गेले. काय विचारायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं, पण कागद काढला नाही. पहिलीला थांबवून म्हटलं, "बाई, मी फार घाबरलेय, म्हणून विचारते. गेल्या वसुबारशीला तुम्ही इथे गाईला घास भरवला होता का?"

ती नाही म्हणाली. दुसरीही नाही म्हणाली. तिसरीने मुलीचा हात घट्ट धरला आणि न बोलता भराभर जिन्याकडे निघाली. तिच्या अंगावर हिरवी साडी नव्हती, पण साडी काय, कोणतीही नेसता येते. मी तिच्यामागे धावले.